ओल्या पायाचा बूट

कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी मला ट्रायथलॉनसाठी निवडलं, तेव्हा तो शब्दच मी पहिल्यांदा ऐकला. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये थांबायचं नाही. पोहायला मी गावाकडच्या विहिरीत शिकलो होतो. सायकल मित्र देणार होता. पळायचो मात्र अनवाणी. सर म्हणाले, "स्पर्धा हजिऱ्याला आहे, कारखान्याच्या वसाहतीत. तिथे अनवाणी पळू देणार नाहीत. बूट आण, नाहीतर तुझं नाव काढावं लागेल." मी निघालो तसं त्यांनी पुन्हा हाक मारून सांगितलं, "पाण्यातून आल्यावर पाय पुसायला वेळ नसतो. ओला पाय मोज्याशिवाय झटकन आत गेला पाहिजे. तसा बघून घे."

आमच्या घरात तोवर कोणी कॉलेजात गेलं नव्हतं आणि कोणी बूटही घेतले नव्हते. त्यामुळे आप्पा, म्हणजे माझे वडील, सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर निघाले. ते पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवायच्या खात्यात होते. आम्ही राहायचो त्या नवागामहून स्टेशनजवळच्या एका मोठ्या दुकानात गेलो. आप्पांनी चपला बाहेर पायरीवर काढल्या. दुकानदार म्हणाला, "अरे भाऊ, मंदिर थोडी है? पहनके आओ!" आप्पा हसले, पण अनवाणीच आत आले.

दुकानदाराने दोन जोड पुढे ठेवले. एकाला बाजूने लाल पट्टे होते. तो मी घालून पाहिला. जरा घट्ट होता, पण आरशात पाय माझा वाटतच नव्हता, इतका छान दिसत होता. दुसरा साधा पांढरा, पुढून रुंद. मी म्हणालो, "पट्ट्यांचा घेऊ."

"आनि वला पाय?" आप्पांनी अहिराणीत विचारलं. "सर काय सांगेत?"

ओला पाय कुठून आणायचा? दुकानात पाणी मागून पायावर ओतायचं, हे मला कुणी मारलं तरी जमलं नसतं. मी खाली बघत म्हणालो, "ऱ्हाऊ दे ना आप्पा."

"तुले पयनं शे का लाजनं शे?" पळायचंय की लाजायचंय, असं ते म्हणाले. "तुना मना पाय एकच माप." आणि दुकानदाराने प्यायला दिलेला पाण्याचा ग्लास त्यांनी सरळ स्वतःच्या पायावर ओतला.

"काका, शुं करो छो!" दुकानदार गुजरातीत ओरडला. तोवर आप्पांचा पाय रुंद बुटात गेलासुद्धा. कुठे अडला नाही. तो एकच बूट घालून ते दुकानभर हिंडले, आरशासमोर थांबले, माझ्याकडे बघून हसले. "हाऊच ले."

मग त्यांनी बूट काढला. आतला पांढरा तळ निळा झाला होता.

दुकानदाराने आत बोट फिरवलं. बोट निळं झालं. त्याने आप्पांच्या पायाकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. आप्पांच्या टाचा काळ्या आहेत असंच मी लहानपणापासून समजत होतो. उन्हाने झाल्या असतील, नाहीतर गावाकडच्या मातीने. ट्यूबलाइटच्या उजेडात दिसलं, त्या काळ्या नव्हत्या. भेगाभेगांत निळा रंग मुरला होता, नखांच्या कडांना लाल. रोज एकाच खोलीत आम्ही झोपत होतो, आणि हे पाय मी बघितलेच नव्हते.

"हवे आ तो लेवो ज पडशे, भाऊ," दुकानदार हळूच म्हणाला. आता हा जोड घ्यावाच लागणार होता.

"लेंगे ना शेठ," आप्पा म्हणाले. "फिट है."

पट्ट्यांचा जोड परत खोक्यात गेला.

स्पर्धेत मी पाण्यातून मागूनच बाहेर आलो. पण बाकीची मुलं खाली बसून ओल्या पायांवर बूट ओढत होती, तेव्हा माझे पाय आत गेले होते. कितवा आलो ते सांगण्यासारखं नाही, पण शेवटपर्यंत पळालो. नंतर बूट काढले, तर सर घाबरून जवळ आले. "अरे, पाय काळानिळा पडलाय! दाखव." एकाच पायाचा तळवा तसा झाला होता.

"रंग आहे, सर."

"कसला रंग?"

मी बूट पिशवीत टाकले.

घरी आप्पा दारातच होते. "चावना का बूट?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो आणि कौतुकाने पाय पुढे केला. वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी माझी टाच हातात घेतली, अंगठ्याने रंग चोळून पाहिला, आणि आईला हाक मारून पाय घासायचा दगड मागितला.

"मी घासतो ना, आप्पा."

"बस खाले."

मोरीत बसवून त्यांनी माझा पाय घासला, कातडी लाल होईपर्यंत. दुखत होतं. पाणी निळं वाहिलं, मग फिकं, मग स्वच्छ. त्या पाण्यात त्यांचे स्वतःचे पाय होते, तसेच निळे. त्या पायांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.