आर्लीनच्या चादरी

ऑगस्टमध्ये आर्लीन कुलमनचा प्रदर्शनाचा फॉर्म आला तेव्हा मी तो हातात धरून मनसोक्त हसलो होतो. दरवर्षीचे प्रश्न होतेच: टेबलं किती, वीज हवी का, कोणाच्या शेजारी बसवू नये. यंदा खाली दोन नव्या ओळी होत्या. घरच्या माणसाचा फोन नंबर आणि चादरीचा रंग. म्हातारीचं डोकं फिरलं, असं मी बायकोला म्हणालो आणि रंगाच्या जागी लिहून टाकलं, 'बायको देईल तो.'

छोट्या आगगाड्यांच्या प्रदर्शनात मी एकतीस वर्षं टेबल लावतोय. चादर म्हणजे काय ते आमच्यात कोणाला सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी माल मांडायचा, वर घरातली जुनी चादर पसरायची आणि निघायचं. चादर आहे म्हणजे माणूस आहे, इथेच कुठेतरी खायला-प्यायला गेलाय. दुसऱ्याच्या चादरीला कोणी हात लावत नाही. एखाद्याचा चेहरा मी विसरेन, पण त्याची चादर विसरणार नाही.

आर्लीनला स्वतःला या गाड्यांचं काडीचं कौतुक नाही. 'धूळ खाणारी खेळणी' म्हणते. क्लब तिच्या नवऱ्याचा, फ्लॉइडचा. तो गेला आणि टेबलांचा नकाशा तिच्या गळ्यात पडला, तो चौदा वर्षं तिथेच आहे. त्याआधी पंचवीस वर्षं ती शाळेच्या बसगाड्या कुठून कशा जातील ते ठरवायची, त्यामुळे कोणाला कुठे बसवायचं हा तिच्या हातचा मळ. वॉलपेपरच्या कोऱ्या बाजूवर ती सगळा हॉल आखते. कोणाचे गुडघे गेलेत, त्याला दाराजवळ. कोणाला तासातासाला उठावं लागतं, त्याला संडासाजवळ. आणि मला, फ्लॉइडने बावीस वर्षांपूर्वी बसवलं तसंच, मर्ल ट्रिंबलच्या शेजारी. आम्ही दोघं सारखेच तोंडाळ, एकमेकांचं डोकं खातो आणि बाकीचे वाचतात, असा तिचा हिशेब.

यंदा मात्र सगळंच पणाला लागलं होतं. जत्रेच्या मैदानाच्या कमिटीने बजावलं होतं की शनिवारी सकाळी चाळीस विक्रेते दिसले नाहीत, तर पुढच्या नोव्हेंबरपासून हॉल कुत्र्यांच्या प्रदर्शनाला देणार. ओहायोच्या आमच्या कोपऱ्यात हे एकच प्रदर्शन उरलंय. कधीकाळी इथे टेबल मिळवायला दोन-दोन वर्षं थांबावं लागायचं.

शुक्रवारी माझी व्हॅन रुसली, म्हणून मी शनिवारी आठला पोचलो. दार ढकललं आणि माझा जीव भांड्यात पडला. हॉल भरलेला! ओळीने टेबलं, माझं सोडून सगळ्यांवर चादरी. दोनदा मोजली. माझं धरून चाळीस. माझ्या शेजारच्या टेबलावर निळी, कोंबड्यांची चादर. म्हणजे मर्लसुद्धा आलाय! वसंतात इंडियानात होणाऱ्या प्रदर्शनाला तो नव्हता, गुडघ्याचं ऑपरेशन म्हणे. मग मी दोनदा फोन केला, तो निरोप घेणाऱ्या मशीननेच घेतला. तो पलीकडे इंडियानात बहिणीकडे राहतो, आमची भेट वर्षातून दोनदा, टेबलापुरती.

मी माझा माल लावला, वर चादर टाकली आणि खिशातून डबी काढली. मर्ल तीन वर्षं त्याच्या जुन्या इंजिनासाठी पितळेची घंटा शोधत होता, वाटाण्याएवढी. मला ती सापडली होती. त्याच्या मालात मधोमध ठेवून द्यावी, परत आल्यावर त्याने बोंब ठोकावी, असा माझा बेत. म्हणून एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी दुसऱ्याची चादर उचलली.

खाली केळ्यांची रिकामी खोकी होती. एकावर एक, नीट रचलेली. इंजिन नाही, रूळ नाही, काही नाही.

मी चादर झटकन खाली सोडली आणि तडक हॉलच्या स्वयंपाकघरात गेलो. आर्लीन भल्यामोठ्या भांड्यात चिकन ढवळत होती. दरवर्षी पावात भरून विकते तेच.

"मर्ल कुठाय?" मी विचारलं.

तिने डाव खाली ठेवला. "चादर उचललीस ना? तुझा हात शिवशिवल्याशिवाय राहील कसा!"

"आर्लीन, मर्ल कुठाय?"

"जूनमध्ये गेला, नॉर्ब. झोपेतच. बहिणीने कळवलं. चादर तिच्याकडूनच मागून आणली."

जून! मी जुलैभर ती घंटा शोधत फिरलो होतो.

"मला सांगितलं नाहीस?" माझा आवाज चढला. "बावीस वर्षं शेजारी बसलो मी त्याच्या!"

"सांगितलं असतं तर तू आला असतास?"

"अर्थात आलो असतो!"

"खोटं बोलू नकोस. आपल्यातला रॉस्को गेला तेव्हा त्याच्या शेजारचा यायचा बंद झाला. मग त्याच्या शेजारचा. चौदा वर्षं हेच बघतेय मी. एक जागा रिकामी झाली की तिच्या दोन्हीकडच्या रिकाम्या होतात." तिने डोळे पुसले आणि लगेच फणकारली, "आणि आता बाहेर जा. कमिटीचा डेल येईल साडेनऊला. बोंबलायचं असेल तर त्याच्यासमोर बोंबल. तुला मोकळीक आहे."

मला तिचा इतका राग आला होता की खरंच बोंबलणार होतो. साडेनऊला डेल आला, हातात कागद लावलेली पाटी घेऊन टेबलं मोजत. माझ्यापाशी थांबला.

"तुमच्या शेजारी कोण आहे?"

"मर्ल ट्रिंबल," मी म्हणालो. "कॉफी आणायला गेलाय. आला की दोन तास गप्प बसायचा नाही, तेव्हा पळा तुम्ही."

डेल हसला, त्याने पाटीवर खूण केली आणि पुढे गेला. माझ्या तोंडून हे कसं निघालं ते मला आजही कळत नाही. पाटीवर चाळीस भरले आणि तो निघून गेला.

दहाला दारं उघडण्याआधी आर्लीन घंटा वाजवते, आणि सगळे एकदम चादरी काढतात. घंटा वाजली. मी माझी चादर ओढली आणि वर बघितलं.

सतरा चादरी निघाल्या होत्या. तेवीस तशाच होत्या.

मला वाटलं होतं एकटा मर्ल. फार तर अजून दोन-चार. हॉलभर आम्ही सतरा म्हातारे उभे, एकमेकांकडे बघतोय, आणि मधे ती तेवीस झाकलेली टेबलं. प्रत्येकाचं तोंड उघडं. नंतर कळलं, प्रत्येकाने आपापल्या शेजाऱ्यापुरतं डेलला खोटं सांगितलं होतं, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की रिकामं टेबल आपल्याच शेजारी आहे.

शेवटी संडासाजवळच्या टेबलावरून लिओटा पफ ओरडली, "आर्लीन, माझा शेजारी सकाळपासून आत बसलाय म्हणून मी डेलला सांगितलंय! आता डॉक्टर बोलवू की काय?"

हसू फुटलं, पण ते फार टिकलं नाही.

"अकरा गेले," आर्लीन हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणाली. "बारा घरी सपाता घालून कॉम्प्युटरवर विकतात. मेलेल्यांच्या घरच्यांनी चादरी लगेच दिल्या. त्या बारा जणांकडे मात्र नाक घासावं लागलं मला. आता ज्याला आवरून जायचंय त्याने जावं. पुढच्या वर्षीची तारीख मिळालीय, मी अडवणार नाही."

कोणी गेलं नाही. गिऱ्हाईक बेताचंच होतं, तरी तीनपर्यंत सगळे बसून राहिले. मी मधूनमधून डावीकडे वळून बोलायला तोंड उघडायचो आणि समोर कोंबड्या दिसायच्या.

तीन वाजता आर्लीन चादरी गोळा करत आली. मर्लच्या चादरीचं एक टोक मी धरलं, दुसरं तिने, आणि घडी घातली. घडीत मी ती घंटेची डबी सरकवली. तिने बघितलं.

"आर्लीन," मी म्हणालो, "माझ्या फॉर्मवर रंगाच्या जागी मी भलतंच लिहिलंय. दुरुस्त कर. हिरवी. बदकं आहेत तिच्यावर."

"माहितेय," ती घडी छातीशी धरून म्हणाली. "सकाळीच बघून लिहून घेतलीय."