कोरड्या हातांचा मास्तर

मास्तरांना मधुमेह आहे हे कळलं मात्र, दुसऱ्या दिवसापासून ओळखीपाळखीतला जो तो डॉक्टर झाला. ज्यांना स्वतःच्या चष्म्याचा नंबर धड सांगता येत नाही, अशी माणसं मास्तरांना साखर शिकवायला लागली. साखर! आणि कोणाला, तर तीस वर्षं बेकरीत उभं राहून साखरेची फुलं करणाऱ्या माणसाला!

हे मास्तर शाळेतले नव्हेत. केकवर सजावट करणारा जो मुख्य कारागीर, त्याला बेकरीत मास्तर म्हणत. पिठीसाखरेचा घट्ट गोळा मळायचा, तो कागदासारखा पातळ लाटायचा, पाकळ्या कापायच्या आणि बोटाच्या उबेनं त्यांना वळण द्यायचं. मास्तरांचा गुलाब असा की गिऱ्हाईक आधी त्याचा वास घ्यायचं आणि मग ओशाळायचं. या कामाचा नियम एकच, हात कोरडे हवेत. बोटाला पाण्याचा थेंब राहिला तरी पाकळी चिकट होऊन बसते. म्हणून सकाळी आल्या आल्या मास्तर कोपरापर्यंत हात घासून धुवायचे आणि मग संध्याकाळपर्यंत पाण्याला शिवायचे नाहीत. हातांना पिठीसाखर चोळायची, कोरड्या फडक्याला पुसायचे, पुन्हा साखर चोळायची. दुपारचा डबासुद्धा ते चमच्यानं खायचे.

डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मास्तरांनी साखर सोडली. सोडली म्हणजे सोडलीच. चहा बिनसाखरेचा, पावाचे तुकडे मोजून, आणि कामातली चव बघायची जबाबदारी भट्टीवाल्याकडे. अकरा महिने त्यांनी जिभेला साखरेचा कण लागू दिला नाही.

एवढं केलं तरी लोकांनी गप्प बसावं ना! पण नाही. बायकोचा भाऊ मधाची बाटली घेऊन आला.

"भाऊजी, साखर वाईट. मध बिनधास्त घ्या. नैसर्गिक असतो."

"विंचूही नैसर्गिकच असतो," मास्तर म्हणाले. "ने ती बाटली परत."

हा मेव्हणाही मधुमेहीच. तो बिस्किटांचा पुडा आणायचा, त्यावर 'साखर नाही' असं ठळक छापलेलं असायचं, आणि त्या दोन शब्दांच्या जोरावर अख्खा पुडा एका बैठकीत फस्त करायचा. मास्तरांनी एकदा पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचून दाखवली. मैदा, स्टार्च, तेल.

"मैद्याची पोटात साखर होत नाही, असं तुला कोणी सांगितलं रे?"

"पण भाऊजी, लिहिलंय ना वर!"

यावर काय बोलणार?  बोलण्याच्या लायकीचा माणूस असावा लागतो समोर.

बेकरीच्या मालकीणबाई तर त्याच्याही वरचढ. त्यांनी काचेच्या कपाटात एक वेगळा कप्पा केला आणि 'मधुमेहींसाठी खास' अशी पाटी लावली. आत काय, तर खजुराचा केक, मधाचा केक, तपकिरी साखरेचा केक. दुप्पट किंमत. लोक यायचे, पाटी वाचून सुटकेचा श्वास टाकायचे आणि दोन-दोन तुकडे उडवायचे.

"बाई, ही सगळी साखरेचीच भावंडं आहेत," मास्तरांनी सांगितलं. "घरात कोणीही शिरलं तरी रक्तात गोंधळ तोच. गोड हवंच असेल तर ते औषधाच्या दुकानातले थेंब तरी घाला, त्यांनी साखर चढत नाही. नाहीतर पाटी काढा."

"तुम्ही फुलं करा, मास्तर," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी स्वतःची वही बघा."

हे मात्र मास्तरांच्या वर्मी लागलं. कारण वही खरोखरच वाईट होती. बोटाला टोचून साखर मोजायचं छोटं मीटर ते रोज खिशात ठेवत आणि प्रत्येक आकडा वहीत लिहीत. पहाटे घरी मोजली की एकशे दहा, एकशे वीस. दुपारी बेकरीत मोजली की तीनशे दहा, तीनशे चाळीस. न चुकता रोज. ती वही ज्यानं ज्यानं पाहिली त्यानं एकच अर्थ काढला, की म्हातारा कामावर लपून साखर चाटतो.

बायकोनंही तोच काढला. ती संध्याकाळी दारातच त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची, सदऱ्याचे खिसे उलटे करून झटकायची.

"अहो, खरं सांगा एकदाच. मी काही बोलणार नाही."

"चाखली नाही."

"मग हे आकडे काय आभाळातून पडतात?"

 बत्तीस वर्षांच्या संसारात ते या बाईशी कधी खोटं बोलले नव्हते, आणि आता तिला त्यांचा एक शब्द खरा वाटत नव्हता. साखर सुटल्याचं दुःख त्यांना फारसं झालं नव्हतं. हे फार झोंबत होतं.

डॉक्टरांनी दोनदा सांगून पाहिलं, की दंडातून रक्त काढून तीन महिन्यांची सरासरी तपासू. पण मास्तरांची अक्कल इथे शेण खायला गेली. "माझं मीटर चांगलं महागाचं आहे," म्हणाले, "प्रयोगशाळेतल्या पोरांपेक्षा ते जास्त खरं बोलतं." दुसऱ्यांच्या मूर्खपणावर हसणारा माणूस स्वतःचा मूर्खपणा किती ऐटीत करतो बघा! मग डॉक्टरांनी वहीवर विसंबून सकाळचं इन्शुलिन वाढवलं आणि बजावलं, महिन्याभरात दुपारचे आकडे उतरले नाहीत तर साखरेच्या टेबलावरून उठा. मालकीणबाईंनी लगेच काउंटरवर खोकी बांधायचं काम काढून ठेवलं. तीस वर्षं गुलाब करणाऱ्या हातांनी आता खोक्यांना सुतळी बांधायची!

महिना संपायला चार दिवस होते. त्या दिवशी तीन मजली केकची मोठी मागणी होती आणि मास्तरांचा डबा दीड वाजला तरी उघडला नव्हता. साठावी का एकसष्टावी पाकळी त्यांच्या बोटांत फाटली. मास्तरांच्या बोटांत पाकळी फाटते म्हणजे काय! त्यांनी दुसरी घेतली, तीही फाटली. हात थरथरत होते, मानेवरून घाम ओघळत होता, छाती धडधडत होती.

भट्टीवाल्यानं त्यांना स्टुलावर बसवलं. मास्तरांनी फडक्याला हात पुसले, बोटाला टोचलं. मीटरनं दाखवलं दोनशे अठ्ठ्याण्णव.

"बघा! चढली!" मालकीणबाई ओरडल्या. "साखरेला हात लावू देऊ नका त्यांना! कोरा चहा करा, ते गोडीचे थेंब टाकून!" आणि त्यांनी मास्तरांच्या बायकोला फोन केला. घर दोन गल्ल्या सोडून होतं.

चहा आला. गोड होता, पण गोडी नुसती जिभेपुरती. त्या थेंबांत रक्ताला द्यायला काही नसतं, तोच तर त्यांचा गुण. मास्तर तो सगळा प्यायले आणि त्यांना समोरच्या एका केकचे दोन दिसायला लागले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं त्यांना आठवलं, की घाम, थरथर, धडधड म्हणजे साखर उतरलीय, ताबडतोब साखर खा. पण मीटर तर म्हणतंय चढलीय. मीटर खरं की अंग खरं?

मास्तरांनी टेबलावरच्या पांढऱ्या गोळ्याकडे हात नेला. मालकीणबाईंनी मनगट धरलं. मास्तरांनी हिसका दिला, गोळ्याचा लचका तोडला आणि तोंडात कोंबला. आणखी एक तोडला.

नेमकी त्याच क्षणी बायको दारात आली.

नवरा स्टुलावर बसलाय, दोन्ही गाल साखरेनं फुगलेत, हनुवटीवर पांढरा चुरा. ती नुसती बघत राहिली, आणि ते बघणं मास्तरांना कुठल्याही शिवीपेक्षा लागलं. तोंड भरलेलं असल्यानं बोलताही येईना.

"सापडले एकदाचे रंगेहाथ," मालकीणबाई म्हणाल्या. केवढं समाधान होतं त्या आवाजात!

भट्टीवाल्यानं रिक्षा केली आणि सगळी वरात दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सनं मास्तरांचा उजवा हात ओढून नळाखाली धरला, साबण लावून खसाखसा धुतला, पुसला आणि टोचलं. अडुसष्ट.

"उतरलेलीच आहे की. याआधी आणखी खाली असणार," ती म्हणाली. "खाल्ली साखर ते बरं केलंत. नाहीतर आडवे झाला असता."

"हा आकडा कसा खरा असेल?" मालकीणबाई म्हणाल्या. "आत्ता मी डोळ्यांनी तीनशे बघितलेत."

नर्सनं मास्तरांच्या खिशातलं मीटर काढलं. आधी धुतलेल्या उजव्या हाताचं रक्त घेतलं. सत्तर. मग न धुतलेल्या डाव्या हाताच्या बोटाला टोचलं. तीनशे बारा.

"मीटर ठणठणीत आहे," ती म्हणाली. "बोटाला साखर फासून रक्त मोजलं तर ते बिचारं आणखी काय दाखवणार? एवढी मोठी माणसं तुम्ही, एकालाही साबण आठवला नाही?"

 मालकीणबाईंना एकाएकी भिंतीवरचं घड्याळ फार आवडलं. "मास्तर, ते काउंटरचं राहू द्या," त्या घड्याळाकडे बघतच पुटपुटल्या आणि निघून गेल्या. डॉक्टरांनी इन्शुलिन कमी केलं, दंडातून रक्त काढलं, आणि या वेळी मास्तरांनी मुकाट्यानं काढू दिलं. तीस वर्षं साखर हाताळली आणि ती हाताला लागते एवढं कळलं नाही! मेव्हणा परवडला. त्यानं निदान बिस्किटं तरी खाल्ली होती.

बायकोनं बेकरीतून येताना डबा उचलून आणला होता. तिनं तो बाकावर उघडला, पण झाकण हातातच राहिलं.

"मी तुमचे खिसे तपासायची," ती म्हणाली. "रोज."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "मी खिशात रुमाल ठेवायचं सोडलं होतं. म्हटलं, तेवढंच तुझं काम लवकर उरकेल."

तिनं झाकण खाली ठेवलं, तोंडाला पदर लावला आणि ती रडायला लागली. मास्तर डबा खात राहिले.