ताई लिहून घेते

माझी थोरली बहीण शाळेतली नोकरी संपवून माझ्या ऑडिटच्या ऑफिसात आली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. दरवर्षी काम सुरू करण्याआधी आम्ही प्रत्येक क्लायंटशी करारपत्र करतो: तपासायचं काम आमचं काय, सांभाळायचं त्यांचं काय. लोक न वाचताच सही ठोकतात. पण ताई ऐकेल तर शपथ! समोर बसून ती अख्खं पत्र मोठ्यानं वाचायला लावायची आणि क्लायंटची जबाबदारी त्याच्याच हातानं समासात लिहून घ्यायची. भलेभले कारखानदार मान खाली घालून लिहीत बसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

माझ्या एका बालमित्राचं कापडाचं गोदाम होतं. "त्याला तरी सोड गं बाई," मी बजावलं, "त्याच्याकडून कसलं लिहून घेतेस?" ताई "बरं" म्हणाली.

आणि नेमका तोच उलटला! गोदामातून ऐंशी तागे गायब झाले, तशी त्यानं ऑडिटरांच्या संस्थेकडे माझ्याविरुद्ध तक्रार केली: ऑडिटरनं माल मोजलाच नाही. अहो, मोजायचं काम त्याचं! पण छापील करारपत्रात ते मोघमच, आणि लिहून घ्यायला तर मीच मनाई केलेली; पुरावा कुठून आणू? तेवीस वर्षांची प्रॅक्टिस बंद व्हायची वेळ आली. लाजेपोटी मी ताईला काही बोललो नाही.

चौकशीच्या दिवशी मी संस्थेच्या अधिकाऱ्यांपुढे बसलो होतो, शेजारी मित्र. तेवढ्यात ताई दारात! आदल्या दिवशी माझ्या बायकोनं तिला सगळं सांगितलं होतं. तिनं ऑफिसच्या कपाटातून आणलेलं मित्राचं करारपत्र पिशवीतून काढून अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. समासात मित्राचं किरटं अक्षर: "दर तीन महिन्यांनी माल मोजून यादी देणं माझं काम. मला समजलं." खाली सही, तारीख.

मित्रानं कागद जवळ ओढून वाचला. "हो, ताईंनी लिहून घेतलं होतं," तो पुटपुटला. "साफ विसरलो." तक्रार त्यानं तिथल्या तिथे मागे घेतली.

बाहेर येऊन मी पायरीवरच बसलो आणि ढसाढसा रडलो. सुटलो एकदाचा!

"ताई, माग काय हवं ते."

"नेमणूकपत्र दे," ती म्हणाली. "काम काय, रजा किती, सगळं लिहून. सहा वर्षं झाली तुझ्याकडे येतेय."

एवढ्या क्लायंटचे करार माझ्या कपाटात, आणि तिच्या नावाचा एक कागद नाही.

"उद्या देतो."

"आज," ताई म्हणाली.