शेततळ्यातलं हसू

परवा पिंपळगावजवळ द्राक्षबागेतल्या गंधकाच्या फवारणीचा वास आला आणि मला काकांच्या मळ्यातलं शेततळं आठवलं. तिथेच माझा बाप्तिस्मा झाला होता.

त्या दिवशी बाप्तिस्मा घेणारे आम्ही दोघे होतो. मी चर्चच्या पाळकांचा मुलगा, अर्धं पवित्र शास्त्र तोंडपाठ असलेला. आणि सुरगाण्याहून छाटणीच्या कामाला आलेला सोमा, ज्याला अजून प्रभूची प्रार्थनाही अडखळत यायची. तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद निसरडा, म्हणून काठाला दोर बांधला होता. सोमा आधी उतरला. वडिलांनी त्याला पाण्याखाली नेलं आणि वर येताच तो हसायला लागला, लहान पोरासारखा, थांबेचना. काठावरच्या बायकाही गाणं सोडून हसल्या. आई म्हणाली, "बघ, याला म्हणतात आनंद!"

माझा जळफळाट झाला. एवढे उपास, एवढ्या प्रार्थना माझ्या, आणि हा कालचा पोरगा!

दोर धरून वर येताना तो म्हणाला, "दादा, लय भारी वाटतंय. जा, भिऊ नको."

"मला नको शिकवूस. बाजूला हो."

मीही बुडालो, वर आलो. नाकात पाणी गेलं होतं, बाकी काही नाही. माझ्या वाट्याचं सोमाला का दिलंस, असं मी वर्षानुवर्षं देवाला विचारत राहिलो. आता पन्नाशीत कळतं, पाण्याखाली मी देवाची वाट पाहतच नव्हतो. सोमासारखं हसू येण्याची पाहत होतो. अजूनही कुणाचा बाप्तिस्मा असला की सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात, आणि मी पाण्यातून वर येणाऱ्याचं तोंड बघत राहतो.