धुतलेली पन्नी

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. माझ्या नातीचं अजून संपलेलं नाही. नागपूरला ती एमएस्सी झाली आणि मग पुण्याच्या एका संस्थेत पीएचडीला लागली. जुनं प्लास्टिक तापवून त्याचं पुन्हा तेल करायचं, हा तिचा विषय. ते कमी आचेवर व्हावं म्हणून त्यात एक पावडर घालतात. पावडर काम करते, पण खर्ची पडत नाही. तिला उत्प्रेरक म्हणतात. हा शब्द नातीनं मला दोनदा म्हणायला लावला. मी पावडरच म्हणते.

तिची शिष्यवृत्ती दोघांची आहे. अर्धी संस्था देते, अर्धी एक कंपनी. कंपनी शेतात वाफ्यावर अंथरायची काळी पन्नी बनवते. हे दोघांचं प्रकरण घरात कोणाला लवकर कळेना. मला लगेच कळलं. आमच्याकडे शेत बटाईनं देतात. एकाची जमीन, दुसऱ्याची मेहनत, आणि पीक निघताना दोघंही बांधावर हजर. एकानं हात काढला की शेत पडीक.

"म्हणजे तू बटाईतली हायस," मी तिला म्हटलं. "संस्थेची जमीन, कंपनीचं बियाणं. मंग तू कोन?"

"मी बैल, आजी," ती म्हणाली.

पहिलं वर्ष संपताना कंपनीचा साहेब काम पाहायला येणार होता. त्याला पटलं तर कंपनी पुढची दोन वर्षं आपला अर्धा वाटा देणार होती. नाही पटलं तर संस्था एकटी देणार नव्हती, म्हणजे पोरगी घरी. साहेबाची अट अशी की कोरी पन्नी नको. शेतातून काढलेली, मातीची, फवारणीच्या औषधाची पन्नी घ्या आणि तिच्यावर पावडर टिकते का ते दाखवा.

नातीनं मला फोन केला. "टमाटरच्या वाफ्यावरची पन्नी निघाली की एक बोरी भरून ठेव, आजी. जशी निघंल तशीच ठेव."

मला ऐकू कमी येत नाही. ती काय म्हणाली ते मला कळलं होतं. पण आमच्या घरातून दुसऱ्याकडे जाणारी वस्तू धुऊन जाते. शेजारणीची वाटीसुद्धा मी घासल्याशिवाय परत केलेली नाही. इथे तर पोरगी मोठ्या लोकांसमोर बोरी उघडणार, आणि आत चिखल, मेलेल्या अळ्या, औषधाचा वास. मला ते पटलं नाही. आमचं शेत सावरगावकडे आहे. तिथल्या विहिरीच्या टाक्यावर मी पन्नी नेली आणि राखेनं घासली. साबणानं निघत नाही ते राखेनं निघतं. मग तारेवर वाळवून, साडीसारख्या घड्या घालून बोरीत भरली. दोन दिवस त्यात गेले.

सकाळच्या गाडीनं नात पांढुर्ण्याला उतरली. घरी आल्या आल्या तिनं बोरी सोडली आणि तशीच उभी राहिली.

"हे कोनं धुतलं?"

तिच्या आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. "तुझा आजोबा आला होता वरून, धुवाले," मी म्हटलं.

ती हसली नाही. खाटेवर बसली. "आठ दिवसांनी साहेब येऊन राहिला, आजी. काय दाखवू मी त्याले? घड्या?"

"त्यात काय एवढं? माती लावून देते पुन्हा. मातीची काय कमी आहे?"

"अन् चार महिन्यांचं ऊन कुठून लावशील? फवारणी कुठून लावशील? ते खोटं होईल."

चूक माझी होती. ती निस्तरायला हवी होती, रडून काही होणार नव्हतं.

आजूबाजूच्या शेतांत मी विचारलं. सगळ्यांनी पन्नी बांधावर जाळून टाकली होती. दरवर्षी जाळतात, आम्हीही जाळायचो. रामाकोन्याला माझी एक चुलत बहीण आहे. तिचे टमाटर उशिरा लावलेले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. सौंसरला बस बदलून दुपारी पोचलो.

बहीण दारातच म्हणाली, "इतक्या वर्षांनी आली, अन् कचरा मागाले आली व?"

"तुझ्या घरी दुसरं काय चांगलं हाय मागाले?"

"अन् ही पोट्टी डॉक्टर होऊन राहिली म्हणे. माहा गुडघा पाहील काय?"

"गुडघा प्लास्टिकचा करून घे. मंग पाहील."

तिच्या वाफ्यात झाडं अजून उभी होती, थोडे टमाटरही होते. तरी तिनं दोन ओळी उपटू दिल्या. नातीनं हातमोजे घातले आणि पन्नी मातीसकट गुंडाळायला घेतली. मी एक टोक उचललं. हात आपोआप झटकायला गेला.

"आजी! झटकू नको!"

मी बांधावर जाऊन बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. बहीण म्हणाली, "बस, बस. जलमात पहिल्यांदा बिनकामाची दिसून राहिली." नातीनं बोरीचं तोंड बांधलं तेव्हा बाहेरूनही ती बोरी पाहवत नव्हती. तीच तिला हवी होती.

पुण्याला जाताना तिनं माझीही बोरी घेतली. "धुतलीच हाय तर नेते," म्हणाली. रागानं म्हणाली की कसं, ते कळलं नाही.

साहेब येऊन गेल्यावर तिचा फोन आला. रामाकोन्याच्या घाण पन्नीवर पावडर काही खेपा चालली, मग मंदावली. साहेबाला तेवढं पुरेसं वाटलं. मग तिनं त्याला माझ्या पन्नीचं सांगितलं. स्वच्छ पन्नीवर पावडर पहिल्याच खेपेला मेली होती.

"मेली म्हणजे?"

"काम बंद. राखेतला खार पन्नीवर राहून गेला, आजी. त्यानंच मारली असंल. तू घासलं चांगलं, पण विसळलं नाही नीट."

मी विसळलेलं नीट नाही, असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. सासूनंही नाही.

साहेब मात्र त्यावरच अडून बसला. कारखान्यांतही जुनी पन्नी खाराच्याच पाण्यात धुतात, आणि तिथेही अशी पावडर मरत होती. कंपनीनं आपला वाटा चालू ठेवला, पण दोन वर्षांचा नाही, एकाच वर्षाचा. तोही अशा अटीवर की धुण्यानं पावडर का मरते ते आधी शोधायचं. पुढचं मग पाहू.

नातीला हे फारसं आवडलं नव्हतं. "पीएचडी काय धुण्यावर करू मी आता?"

"मी सारा जलम धुणंच केलं," मी म्हटलं. "मले कोनं डॉक्टर म्हटलं नाही. तुले तरी म्हणतील."

मागच्या महिन्यात ती वजनकाटा आणि वही घेऊन आली. पन्नीही घेऊन आली, रामाकोन्याच्या माझ्या बहिणीकडची उरलेली. "तेव्हा जसं धुतलं तसंच धू, आजी. चांगलं धुवू नको." मूठभर राख काट्यावर ठेवायची, मग घासायचं, मग पाणी मोजून टाकायचं. ती टाक्याशेजारी उभी राहून लिहीत होती. आता काय मागे राहतं ते मला माहीत होतं, त्यामुळे हात पुन्हा पुन्हा बादलीकडे जाई.

"आजी, बस. अजून पाणी नको."

"राख दिसून राहिली मले."

"राहू दे."

मी राहू दिली. पन्नी तारेवर टाकली. वाळल्यावर काळ्या पन्नीवर पांढरट रेघा उठल्या. असलं धुणं मी सासूसमोर तारेवर टाकलं नसतं. नातीनं त्या रेघांचे फोटो काढले आणि पन्नी गोळा करून बोरीत कोंबायला लागली. मी ती तिच्या हातून काढून घेतली आणि घड्या घालून दिल्या. त्याला तिची हरकत नव्हती.