हौसामावशीचा पट्टा

हौसामावशीच्या गळ्यात मंगळसूत्राच्या वर कुत्र्याचा पट्टा असायचा. जाड चामड्याचा, टोकदार खिळे बाहेर काढलेला. बिबट्या मान धरतो, म्हणून आमच्याकडे मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना असा पट्टा घालतात. मावशीचं घर धनगराचं. त्यांचा मोत्या म्हातारा होऊन गेला, तेव्हा तिने त्याच्या पट्ट्याला थोडं चामडं जोडलं आणि तो स्वतःच्या गळ्यात बांधला.

कारण तिला एकटीला चालावं लागायचं. आमची वाडी डोंगरावर, लेक दिलेली डिंभ्याला. एसटी आली तर आली. मग ही बाई डोंगर उतरून, कालव्याकडेच्या उसातून चालत लेकीकडे जायची. हातात घुंगरांची काठी आणि तोंडात मोठमोठ्याने शिव्या. कोणाला देतेस, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "बिबट्याला बी आन सरकारला बी. दोगं बी दिसत न्हाईत, पन ऐकत असत्याल!"

डोंगर चढायला आलेली शहरातली मंडळी तिच्यासोबत फोटो काढायची आणि पट्ट्याला हसायची. मग ती खवळायची. "हसताय काय? आदी कानातली बोंडं काडा. मागनं कोन आलं, कळंल का? दिसला तर पळायचं न्हाई, वाकायचं न्हाई. हात वर करून मोटं व्हायचं आन वरडायचं. पळालं की आपुन शेळीच."

पण त्या हसणाऱ्यांपेक्षा मला राग येतो तो तिच्या व्याह्यांचा. पाहुण्यांसमोर त्यांनी तिला सुनावलं, "कुत्र्याचा पट्टा घालून येत जाऊ नका. ही कुनाची विहीण, असं लोक इचारत्यात. आमची मान खाली जाती."

तिच्या मानेचं काय, हे त्या गृहस्थाला सुचलं नाही.

मावशीने पट्टा खुंटीला अडकवला. मी तिच्याशी भांडलो. "मावशी, अगं उसातून येताना तरी घाल. गावाजवळ काढून पिशवीत टाक."

"ऊस संपतो तितंच गाव लागतं. कुनीतरी बगतंच, आन पोरीला ऐकावं लागतं."

"बिबट्या बघणार आहे का तुझ्या लेकीचं सासर?"

"त्यो न्हाई बगत, भाऊ. पन ती मान्सं बगत्यात."

पुढे एका भर दुपारी, लेकीकडे जाताना, उसातून आलेल्या बिबट्याने मागून तिची मान धरली. घुंगरांची काठी वाटेवर सापडली.

दहाव्याचे विधी उरकून आम्ही तिच्या घरी आलो. व्याही ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि हळहळून म्हणाले, "पट्टा कसा काय नव्हता घातला इहीणबाईंनी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी तोंड उघडायच्या आधीच लेक उठली. आत गेली, खुंटीवरचा पट्टा काढला आणि सासऱ्यासमोर उभी राहून तिने तो आपल्या गळ्यात बांधला.

आता ती डिंभ्याच्या त्या घरात तो पट्टा घालूनच वावरते. सासऱ्याला भाकरी वाढतानाही काढत नाही. काढ म्हणायला व्याह्यांची जीभ अजून उचललेली नाही.