चार्ज दिल्याशिवाय

चार्ज या शब्दाला कुठले कुठले शब्द जोडतात, हे मला कागदावरून शिकवायची खरं तर गरजच नव्हती. चाकणच्या कारखान्यात गिअर कडक करायच्या भट्टीवर मी अकरा वर्षं काढलीत. भट्टीत माल भरला की आम्ही चार्ज टाकला म्हणतो. शिफ्ट संपली की पुढच्याला चार्ज देतो. उलटं बोललं की चार्जशीट मिळते, तीही मला एकदा मिळालीय. फक्त इनचार्ज व्हायचं राहिलं होतं.

त्यासाठी इंग्रजीची परीक्षा ठेवली. हिंजवडीहून एक तरुण मॅडम येऊन कागद वाटायच्या: टेक चार्ज, फ्री ऑफ चार्ज, चार्ज द बॅटरी. रहाटणीपासून कंपनीच्या बसमध्ये मी ते घोकायचे. शेजारीण म्हणायची, "बाई, त्यापेक्षा देवाचं नाव घे, पुण्य तरी लागेल." म्हटलं, पुण्य राहू दे, मला ती पोस्ट पाहिजे.

परीक्षा साडेतीनला, पहिली शिफ्ट सुटल्यावर. आणि नेमका त्याच दिवशी माझ्या जागी येणारा रिलीव्हर ट्रॅफिकमध्ये अडकला. भट्टीतला चार्ज पावणेचारला काढायचा होता. उशीर झाला की सगळा माल भंगारात. सुपरवायझर म्हणाले, "ताई, तुम्ही जा, मी बघतो."

"मग रजिस्टरवर सही करा, चार्ज घेतला म्हणून."

"सही कशाला? सांगतोय ना!"

सही नाही म्हणजे चार्ज दिलाच नाही. मला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ऑपरेटरनं पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. मी जागची हलले नाही.

माल काढला. रिलीव्हर धापा टाकत आला, त्याची सही घेतली आणि पळत सुटले. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला होता. मॅडमचं तोंड उतरलं, पण एचआरचे साहेब म्हणाले, "वेळ पाळता येत नाही, इनचार्ज काय होणार तुम्ही?"

डोक्यात अशी सणक गेली! म्हटलं, "वेळच पाळत होते, साहेब. भट्टीची."

पेपरला बसूच दिलं नाही. पोस्ट दुसऱ्याला गेली. खोटं कशाला बोलू, बसमध्ये तोंडावर ओढणी घेऊन मी रडले.

कामाच्या पहिल्याच दिवशी साडेतीनला नवे इनचार्ज बॅग उचलून निघाले. त्यांच्या जागी येणारे अजून पोचले नव्हते आणि भट्टीत चार्ज होता. मी रजिस्टर घेऊन वाटेत आडवी उभी राहिले.

"चार्ज कुणाला दिलात, साहेब? सही दिसत नाही."

"अहो ताई, बस चुकेल माझी."

"चुकू द्या. माझी परीक्षा चुकली होती."

इनचार्ज परत जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

पुढच्या महिन्यात इनचार्जच्या आणखी एका जागेसाठी पुन्हा परीक्षा आहे. फॉर्म मी भरलाय. आणि त्या दिवशीही रिलीव्हर आला नाही, तर मला शोधायला भट्टीपाशीच या.